मुंबईच्या गिरणगांवांतील एका तपासाची हकीकत (इ. स. १९२१-१९२२)

धायरी (ता. हवेली, जि. पुणें) येथील आमचे एक संग्राहक स्नेही गेल्या पावसाळ्यांत एक प्रश्न घेऊन आम्हांकडे आले. त्यांच्या संग्रहीं जुने कागद बरेच आहेत; परंतु प्रश्न त्यांपैकीं कोणत्याहि कागदाविषयीं नव्हता. त्यांच्या आजीबाई लग्नानंतर मुंबईस एका गिरणींत कांड्या भरण्याच्या खात्यांत कामास होत्या. पहिल्या बाळंतपणासाठीं त्या गांवीं आल्या, मुलगी झाली, चार महिन्यांनीं मुलीस घेऊन त्या परळास परत गेल्या, आणि वर्ष भरण्यापूर्वींच ती मुलगी तेथें वारली. पोर झोंपेंतच गेलें, एवढेंच आजीबाई पुढें सांगत. अधिक विचारल्यास उठून जात. हें सुमारें १९२१ सालचें. त्या वर्षीं मुंबईंत दर हजार जन्मांमागें साडेसहाशेंहून अधिक मुलें पहिला वाढदिवस न पाहतां मेलीं, असें आमच्या स्नेह्यांनीं कोठें तरी वाचलें होतें. हें खरें काय, आणि खरें असल्यास आपल्या घरची ती मुलगी त्या हिशेबांत धरलेली आहे कीं नाहीं, असें त्यांस जाणून घ्यावयाचें होतें.

प्रस्तुत त्रैमासिकाच्या वाचकांस सनदा, महजर, निवाडपत्रें व वंशावळी यांची संवय आहे. गिरणींतील मजुरांच्या मुलांचा प्रश्न त्यांस येथें अस्थानीं वाटण्याचा संभव आहे. आमच्या मतें तो अस्थानीं नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंत बखरींतील मजकूर अस्सल पत्रांच्या कसोटीस लावून पाहिला. तेव्हांपासून बखरींतल्या लाखांच्या फौजा आपण डोळे मिटून पत्करीत नाहीं. परंतु सरकारी छापखान्यांतून निघालेला आंकडा दिसला कीं तीच चिकित्सक बुद्धि कशी कोण जाणे स्वस्थ बसते. कोष्टकासहि लिहिणारा असतो. त्याच्या हातीं आलेल्या नोंदी असतात, आणि न आलेल्याहि असतात. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर या न आलेल्या नोंदींत आहे. तें शोधण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत प्रमुख एक स्त्री होती, म्हणून ही हकीकत कांहींशा विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें.

हल्लीं इंग्रजींत ऐतिहासिक रहस्यकथांचा एक प्रकार लोकप्रिय झालेला आहे. परदेशांतून आलेल्या गरीब शिवणकामगारांच्या वस्तींत एखादा अपमृत्यु घडतो, पोलिसांस त्याचें सोयरसुतक नसतें, आणि एखादी धीट स्त्री कामकरणीच्या वेषानें कारखान्यांत शिरून छडा लाविते, अशी त्यांची सामान्य मांडणी असते. हें निव्वळ कल्पित म्हणून कोणी बाजूस सारील, परंतु याच्या अगदीं जवळची गोष्ट खरोखर घडलेली आहे. लंडनच्या पूर्व भागांत रशिया व पोलंड येथून आलेले यहुदी लोक शिंपीकाम करीत. १८८८ सालीं बिॲट्रिस पॉटर या सधन घराण्यांतील तरुणीनें विजारी शिवणारी मजूर म्हणून तेथें काम धरलें, आणि पाहिलें तें त्याच वर्षीं एका मासिकांत प्रसिद्ध केलें. सिडनी वेब यांच्याशीं विवाह झाल्यावर बिॲट्रिस वेब या नांवानें त्या पुढें विख्यात झाल्या. आपल्याकडील उदाहरण कपडे शिवणाऱ्यांचें नसून सूत कातणाऱ्या व कापड विणणाऱ्यांचें आहे. आणि तपास करणारी स्त्री वेष पालटून गेली नाहीं, सरकारी नेमणूक घेऊन उघडपणें गेली. वेषांतर तिला साधलेंहि नसतें. परंतु तिच्या हातीं जें लागलें तें कोणत्याहि कल्पित कथेपेक्षां कमी विलक्षण नाहीं.

प्रथम त्या वस्तीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मुंबईंतील पहिली कापडाची गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली व १८५६ सालीं चालू झाली. १९२१ च्या खानेसुमारींत शहराची लोकसंख्या ११,७५,९१४ भरली, आणि त्यांपैकीं दर शंभरांत सुमारें ८४ लोक मुंबईच्या बाहेर जन्मलेले होते. दर हजार पुरुषांमागें स्त्रिया अवघ्या ५२५. म्हणजे हें शहर बहुतांशीं परगांवच्या, आणि त्यांतहि एकट्या पुरुषांचें होतें. गिरण्यांतील मजूर मुख्यतः रत्नागिरीकडचे, आणि घाटावरून आलेले सातारा, पुणें, कोल्हापूर, नगर या बाजूचे. भाषा एक, देव एक, तरीहि मुंबईस ते कोंकणी आणि घाटी या नांवांनीं ओळखले जात, आणि स्वतःसहि तेथले रहिवासी समजत नसत. घर म्हणजे गांवचें. मुंबईंत असे ती खोली. गिरण्यांतील मजुरांपैकीं सुमारें पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांचें काम बहुधा कांड्या भरण्याच्या व रीळ खात्यांत, आणि त्यांवर हुकमत नायकिणीची. नोकरीवर घेणें, काढणें, रजेनंतर पुन्हां उभी करणें हें सर्व तिच्या मर्जीवर.

आतां मूळ आंकड्याकडे वळूं. १९२१ सालीं मुंबईच्या म्युनिसिपल नोंदींवरून निघालेलें अर्भकमृत्यूचें प्रमाण दर हजार जन्मांस साडेसहाशेंच्या वर होतें. त्याच वर्षीं इंग्लंड व वेल्स येथें तें ८३ होतें. मुंबईच्या आरोग्यखात्यानें हीं मरणें घराच्या खोल्यांवरूनहि विभागून दाखविलीं. एका खोलींत किंवा तिच्याहि भागांत राहणाऱ्या कुटुंबांत हजारीं ८२८. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२. तीन खोल्यांच्यांत १९१. चार व अधिक खोल्या असलेल्यांत १३३. ही उतरंड पाहून वाचणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. ८२८ हा आंकडा पुढें अनेक ग्रंथांतून उद्धृत झाला, आणि परकीय राज्याच्या टीकाकारांस तो मोठ्या उपयोगाचा ठरला. त्यांचा रोष आम्हांस मान्य आहे. त्यांचा भागाकार मान्य नाहीं.

कारण असें. या प्रमाणांत अंश हा मुंबईंत नोंदलेल्या मृत्यूंचा, आणि हर हा मुंबईंत नोंदलेल्या जन्मांचा. दोन्ही एकाच समूहाचे असतील तरच भागाकारास अर्थ. परंतु गिरणगांवांतील स्त्री बाळंतपणास गांवीं जाई. कोंकणची असल्यास आगबोटीनें, घाटावरची असल्यास आगगाडीनें, आणि पुढें पायीं. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें ही आपली रीत तर प्रसिद्धच आहे. शिवाय खोलींत बाळंतिणीस जागा नाहीं, सुईणीस द्यावयास पैसा नाहीं, पाहणारें माणूस नाहीं. गांवीं जन्मलेलें मूल तीन-चार महिन्यांनीं मुंबईस येई, आणि मेलें तर तेथें मरे. त्याचा मृत्यु मुंबईच्या वहींत लिहिला जाई. जन्म मात्र रत्नागिरी, सातारा किंवा हवेली तालुक्याच्या वहींत. शिवाय दोहोंपैकीं चुकण्याचा संभव जन्माच्या नोंदीचाच अधिक. प्रेत स्मशानांत न्यावयाचें तर नोंद टळत नाहीं. जन्मास आलेल्या मुलाची खबर न दिली तर कोणाचें अडत नाहीं.

उदाहरणादाखल समजा कीं मुंबईंत १००० जन्म नोंदले गेले, आणि बाहेर जन्मलेलीं किंवा नोंद चुकलेलीं आणखी ५०० अर्भकें त्या वर्षीं शहरांत होतीं. मृत्यु ६६० झाले. वहीप्रमाणें प्रमाण ६६० येतें. वस्तुतः तें ४४० असतें. हे आंकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. यावरून दुसरीहि गोष्ट ध्यानांत येईल. गांवीं बाळंतपणास जाणाऱ्या स्त्रिया मुख्यतः एका खोलींत राहणाऱ्याच असत. चार खोल्यांचें बिऱ्हाड असणारा मनुष्य बहुधा शहरांत स्थिरावलेला असे. म्हणून ही चूक सर्व वर्गांत सारखी वांटली जात नाहीं. ती एका खोलीच्या माथ्यावरच अधिक बसते, आणि ८२८ व १३३ यांमधील अंतर आहे त्याहून मोठें दिसतें. याच्या उलट दिशेनें ओढणारेंहि एक कारण आहे. आजारी मूल घेऊन आई गांवीं परतली व तें तेथें गेलें, तर मुंबईच्या अंशांतून एक उणा होई. हीं दोन्ही कारणें एकमेकांस फेडीत नाहींत. हजारांतील सव्वाआठशें अर्भकें खरोखर मरत असतीं, तर त्या खोल्यांतून रांगणारें पोर क्वचितच दृष्टीस पडतें; आणि गिरणगांवच्या चाळींत पोरांची वाण होती असें तेथें राहिलेला कोणीहि म्हणणार नाहीं.

तेव्हां आंकडा फुगलेला, इतकें ठरलें. पण फुगलेला म्हणजे खोटा नव्हे. सूज उतरविल्यावर जें उरतें तेंहि लंडन-मँचेस्टरच्या कैक पट भयंकर आहे, आणि तें कशामुळें, हें त्या वहींत कोठेंच सांपडत नाहीं. मृत्यूचें कारण सांगणारा बहुधा डॉक्टर नसे. घरच्यांनीं ताप म्हटलें तर ताप, आंकडी म्हटलें तर आंकडी, अशक्तता म्हटलें तर अशक्तता. वही चाळून येथवरच पोंचतां येतें. यापुढें खोलींत शिरणें भाग होतें.

ती संधि एका निराळ्या कारणानें आली. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, त्यांत कामकरी स्त्रियांस प्रसूतीपूर्वीं व नंतर विश्रांति आणि साहाय्य मिळावें असा करार झाला. हिंदुस्थानापुरती आधीं चौकशी व्हावी असें ठरलें. मुंबई सरकारनें १९२१ सालीं मजुरांसंबंधीं माहिती गोळा करण्यासाठीं लेबर ऑफिस काढलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरापासून त्याचें लेबर गॅझेट निघूं लागलें. गिरण्यांतील गरोदर व लेंकुरवाळ्या स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्याचें काम डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडे आलें, आणि त्यांचा अखेरचा अहवाल १९२२ च्या सप्टेंबरच्या अंकांत प्रसिद्ध झाला. संग्राहकांनीं हे जुने अंक रद्दी समजून सोडूं नयेत. त्यांत भावांचीं व पगारांचीं रुक्ष कोष्टकें पुष्कळ आहेत, पण मधूनच असें एखादें पान लागतें कीं त्याच्या बदल्यांत दहा सनदा द्याव्या.

त्या पानावरील मुख्य प्रसंग असा. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील एका खोलींत सहा कुटुंबें राहतात असें डॉ. बार्न्स यांस सांगण्यांत आलें. खोली सुमारें १५ फूट लांब व १२ फूट रुंद. अशा ठिकाणीं सांगितलेलें तसेंच लिहून घेणें सोपें असतें, आणि तें अतिशयोक्त म्हणून झटकून टाकणेंहि तितकेंच सोपें. बाईंनीं दोन्ही केलें नाहीं. त्यांनीं जमिनीकडे पाहिलें. जमिनीवर सहा निरनिराळ्या चुली होत्या. पुढें विचारपूस करितां मोठीं माणसें व मुलें मिळून ३० जण त्या खोलींत राहतात असें निष्पन्न झालें.

चूल हा पुरावा किती पक्का आहे हें इंग्रज वाचकापेक्षां मराठी वाचकास अधिक कळेल. आपल्याकडे गांवची वस्ती उंबऱ्यांवरून सांगण्याची रीत आहे; अमक्या गांवीं साठ उंबरे, तमक्या वाडींत बारा. त्यामागें एक गृहीत असें कीं एका उंबऱ्याच्या आंत एक चूल. भाऊ वेगळे झाले म्हणजे प्रथम चूल वेगळी होते, मागाहून भिंत. सबंध घरास जेवावयास बोलवावयाचें तर आपण चूलबंद आमंत्रण देतों. खोल्यांचें कोष्टक करणाऱ्यानें उंबरा मोजला. बाईंनीं चूल मोजली. उंबरा एक आणि चुली सहा, ही गोष्ट आपल्या जुन्या गांवझाड्यांच्या चौकटींत बसतच नाहीं. आणि माणूस मोजणीच्या वेळीं लपवितां येतो, पाहुणा म्हणून सांगतां येतो. मातीची चूल कांखेंत मारून कोणी निघून जात नाहीं.

आतां या मापांचा हिशेब करून पाहूं. पंधरा गुणिले बारा म्हणजे १८० चौरस फूट. माणशीं ६ चौरस फूट. मोठ्या माणसास पाय पसरून निजावयास सहा फूट लांब व दोन फूट रुंद, म्हणजे १२ चौरस फूट जागा लागते. खोली अगदीं मोकळी असती तरी पंधरा माणसें निजतीं. चुली, भांडीं, पेट्या, पाण्याचे हंडे वजा जातां तितकींहि नव्हत. म्हणजे त्या तीस जणांपैकीं बरेचसे रात्रीं तेथें निजतच नसावेत. गॅलरी, जिना आणि रस्ता हीं त्या खोलीचीं पुढचीं दालनें होतीं. जे आंत निजत त्यांत बाळंतिणी, अर्भकें व म्हातारीं असणार, आणि सहा चुलींचा धूर त्यांच्याच वांट्यास.

त्या सहा स्त्रियांपैकीं तिघी लवकरच बाळंत व्हावयाच्या होत्या. बाईंबरोबर त्या वस्तींत काम करणारी एक नर्स होती. येथें आडोसा कसा करणार, असें बाईंनीं तिला विचारलें. तिनें सुमारें ३ फूट व ४ फूट मापाची एक जागा दाखविली. बाळंतपणाच्या वेळीं तेवढ्याच जागेस पडदा लावीत. तीन चोक बारा. म्हणजे वर हिशेबांत धरलेली एका माणसाची निजावयाची जागा, तीहि पाय दुमडून. त्या नर्सविषयीं आम्हांस विशेष आदर वाटतो. चौकशीच्या शोधाचें श्रेय अहवालावर ज्याचें नांव त्यास जातें, हें रीतीसच धरून आहे. पण पडदा कोठें बांधतात हें जिला ठाऊक होतें, ती त्या खोलींत या अगोदर रात्रीं-बेरात्रीं येऊन गेलेली होती. त्या काळीं पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्था परिचारिका व सुईणी तयार करीत होत्या. या बायका दारांतून आंत गेल्या नसत्या, तर सरकारी डॉक्टरासहि दारांतच उभें राहावें लागतें.

अहवालांतील दुसरी मोठी गोष्ट अफूची. गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांपैकीं दर शंभरांत ९८ अर्भकांस अफू दिली जाते, असा डॉ. बार्न्स यांचा निष्कर्ष होता. ती बाळगोळी या नांवानें मिळे. आपल्या घरांतील बाळगुटीशीं तिचा घोंटाळा करूं नये. गुटींत वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम अशा वस्तु सहाणेवर उगाळून मात्रेनें देतात. गोळींतील मुख्य वस्तु अफू. नांवांत थोडाच फेर, म्हणून जुन्या पत्रांत बाळासाठीं गुटी पाठविल्याचा उल्लेख आला तर त्यावरून भलतें अनुमान काढूं नये. तसेंच गोळीचा उल्लेख आल्यास तो गुटी म्हणून सोडूंहि नये.

ही गोळी कां देत, याचें उत्तर त्या बायकांच्या दिनक्रमांत आहे. १९२० नंतर मुंबईच्या गिरण्यांत कामाचा दिवस दहा तासांचा झाला होता; जाणें-येणें व मधली सुट्टी धरून आई अकरा-बारा तास घराबाहेर. घरीं सासू नाहीं, कारण सासू गांवीं शेतावर. मूल एखाद्या म्हातारीकडे किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे टाकावयाचें. तें रडलें तर खोलींत रात्रपाळी करून निजलेला मनुष्य उठणार. गोळी दिली म्हणजे तें निजतें. परंतु अफूनें निजलेलें मूल भूक लागली तरी मागत नाहीं. न मागणाऱ्यास दूध मिळत नाहीं. न मिळाल्यानें तें सुकत जातें. आणि सुकलेल्या मुलास थोडा खोकला झाला, त्यांत मात्रा किंचित् अधिक पडली, तर श्वासच मंद होत होत थांबतो. म्युनिसिपल वहींत याची नोंद अशक्तता किंवा ताप अशी होते, आणि ती खोटीहि म्हणतां येत नाहीं. मूल अशक्त होतेंच.

येथें आम्हांस एका मताचा निषेध केला पाहिजे. त्या काळच्या लिखाणांत अफूचा दोष आयांच्या अडाणीपणावर टाकून मोकळें होण्याची प्रवृत्ति दिसते. अडाणीपणा असेल, पण शंभरांत अठ्ठ्याण्णव बायका एकाच तऱ्हेनें अडाणी होतात, तेव्हां कारण बायकांत शोधावें कीं गिरणीच्या भोंग्यांत शोधावें? अफूची विक्री सरकारी परवान्यानेंच होत असे. एका खात्यानें ती विकावी, आणि दुसऱ्या खात्यानें डॉक्टर पाठवून ती कोणाच्या तोंडांत गेली हें शोधावें, असा तो प्रकार होता. स्वतः डॉ. बार्न्स यांचा रोख विश्रांति, साहाय्य आणि मुलें सांभाळण्याची सोय यांकडे होता.

तथापि या साक्षीचीहि चिकित्सा केली पाहिजे. खोलीचें माप व चुलींची संख्या ही डोळ्यांनीं पाहिलेली साक्ष होय. ९८ हा आंकडा मुख्यतः आयांच्या सांगण्यावर उभा. सरकारच्या माणसापुढें कोणी असल्या गोष्टी कमी करून सांगेल, वाढवून सांगणार नाहीं. म्हणून तो कांहीं मागेंपुढें असला तरी फार वर गेलेला नसावा असें आम्ही समजतों. शिवाय लेबर ऑफिसच्या निराळ्या पाहणीनें खोल्यांच्या बाबतींत त्यांस पुष्टि मिळते. फिंडले शिरस यांच्या देखरेखीखालीं १९२१-२२ सालीं २,४७३ कामकरी कुटुंबांचे जमाखर्च गोळा करण्यांत आले. त्यांपैकीं शंभरांत ९७ कुटुंबें एकाच खोलींत राहत होतीं. कुटुंबाची मासिक प्राप्ति सरासरी सुमारें ५२ रुपये, आणि अन्न तुरुंगांतील कैद्यांस ठरविलेल्या शिध्याहून कमी. पण एक वाक्य कितीहि ठसठशीत असलें तरी एका खोलीवरून सर्व मुंबई रंगवूं नये. सहा चुलींची खोली ही टोंकाची खोली होती. एका चुलीची, पण पोटभाडेकरू घेतलेली खोली ही सामान्य.

अहवालानंतरची हकीकत थोडक्यांत देतों. मध्यवर्ती कायदेमंडळांत ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं प्रसूतिसाहाय्याचें बिल आणलें, तें पुढच्या वर्षीं नापास झालें. मुंबईच्या कौन्सिलांत रा. सी. आसवले यांनीं तसेंच बिल आणलें. २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. आंबेडकर यांनीं त्यास पाठिंबा देतांना मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें असून तिचा भार बऱ्याच अंशीं सरकारनें सोसावा असें प्रतिपादन केलें. १९२९ सालीं कायदा झाला. त्यानें दररोज ८ आणे, कांहीं आठवड्यांपुरते, स्त्रीस मिळूं लागले. आठ आण्यांचा भार गिरणीमालकावरच राहिला, आणि बायका कामास ठेवण्याविषयींची त्याची गोडी त्यानें वाढली नाहीं. पुढील वीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण पंचमांशावरून अष्टमांशाच्याहि खालीं गेलें. त्यास यंत्रांची व कामाची नवी मांडणी हेंहि कारण होतें. अर्भकमृत्यूचा आंकडा १९३० च्या सुमारास १९२१ च्या निम्म्याखालीं आला. ही उतार कांहीं खरी, आणि कांहीं जन्माच्या नोंदी सुधारल्यामुळें दिसणारी. ८२८ चे जे गुणदोष सांगितले तेच उलट बाजूनें येथेंहि लागू आहेत.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं दिलेलें उत्तर येणेंप्रमाणें. तुमच्या घरची मुलगी त्या हिशेबांत आहे, पण अर्धीच. तिचें मरण मुंबईच्या अंशांत आहे, तिचा जन्म मुंबईच्या हरांत नाहीं. ज्या चुकीमुळें तो आंकडा फुगला, तींतील एक एकम ती आहे. झोंपेंतच गेली हे आजीबाईंचे शब्द अहवालांतील गोळीशीं जुळतात खरे. परंतु निजलेलीं मुलें तापानेंहि जातात, आणि आजीबाईंच्या तोंडून जें निघालें नाहीं तें त्यांच्या पदरीं बांधण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तिचा जन्म शोधावयाचा तर तो परळास नव्हे, धायरीच्या वहींत शोधावा.

ही वही म्हणजे गांव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूचें रजिस्टर, ज्यास लोकव्यवहारांत कोतवाल बुक म्हणतात. हवेली, मावळ, भोर, वाई, पाटण, खेड, राजापूर अशा ज्या ज्या तालुक्यांतून माणसें गिरण्यांस गेलीं, तेथील १९१० ते १९३० पर्यंतचीं हीं पुस्तकें जीर्ण होत चाललीं आहेत. धायरी २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेली. गांवें शहरांत जातात तेव्हां दप्तरें हलतात, आणि हललेलें दप्तर पूर्ण पोंचतें असा अनुभव नाहीं. सध्यां त्यांच्या नकला लोक जातीच्या दाखल्यापुरत्या काढतात. त्यांत प्रसूतीसाठीं मुंबईहून आलेल्या बायकांचीं मुलें ओळखण्याची एक खूण पाहण्यासारखी आहे. जन्म आईच्या माहेरगांवच्या वहींत, बापाचें नांव परगांवच्या कुळाचें, आणि पुढें त्याच गांवच्या मृत्यूच्या रकान्यांत त्या मुलाचा मागमूस नाहीं. अशा नोंदी एका गांवच्या तरी दहा वर्षांच्या मोजून काढल्या, तर १९२१ च्या हरांत किती भर घालावी याचा अदमास येऊं लागेल. ज्या वाचकांजवळ अशा पुस्तकांच्या नकला, गिरणींतून घरीं पाठविलेलीं पत्रें, मनीऑर्डरींच्या पावत्या किंवा चाळीच्या भाड्याच्या पावत्या असतील, त्यांनीं त्या जपून ठेवाव्या व आम्हांस कळवावें. पावतीवर खोलीचा नंबर असल्यास तो अवश्य लिहावा.